खाशाबांचा अर्धा तास

गेल्या वर्षी वैजापुरात आमच्या तालमीत एक वाद झाला आणि त्या वादाने मला, पंचाहत्तरीच्या उंबरठ्यावर, पुन्हा एकदा अभ्यासाला बसवले.

आमची तालीम म्हणजे फार मोठे प्रकरण नाही. दगडी भिंती, वर पत्रे, कोनाड्यात शेंदूर लावलेला मारुती, कोपऱ्यात करेला आणि मुद्गल, आणि मधोमध हौदा. हौद्यातली माती बैलगाडीतून आणलेली, चाळणीने चाळलेली, हळद, ताक, लिंबू आणि तेल घालून मुरवलेली. दर नागपंचमीला तिची पूजा होते. माझे वडील या मातीत खेळले, थोरला भाऊ खेळला, मीही चार दिवस अंगाला माती लावून घेतली. आता तरुण मंडळींचे म्हणणे पडले की हौदा बुजवावा, वर कोबा करावा आणि त्यावर गादी टाकावी. जिल्ह्याची स्पर्धा गादीवर, राज्याची गादीवर, शाळांच्या स्पर्धाही गादीवर. मग पोरांनी मातीत कशासाठी वर्षे घालवायची? जुन्या मंडळींना हे ऐकवले नाही. माती काढणे म्हणजे मारुतीला घराबाहेर काढणे, असा त्यांचा सूर होता. मी अर्थातच जुन्यांच्या बाकावर बसलो होतो.

तालमीच्या भिंतीवर खाशाबा जाधवांची जुनी तसबीर आहे. गंमत अशी की, त्या रविवारच्या बैठकीत दोन्ही बाजूंनी त्याच तसबिरीकडे बोट दाखवले. जुने म्हणाले, हा माणूस मातीत घडला. तरुण म्हणाले, या माणसाने पदक गादीवर मिळवले. दोन्ही गोष्टी खऱ्याच होत्या. बैठक निर्णयाविना उठली. घरी आल्यावर आठवीत शिकणाऱ्या माझ्या नातीने विचारले की, मग दोघांपैकी बरोबर कोण? ती शाळेच्या संघातून कुस्ती खेळते, आणि आमच्या हौद्यात तिला कधी पाऊल टाकता आले नव्हते, हे मला त्या क्षणी पहिल्यांदा नीट जाणवले. उत्तर माझ्याजवळ नव्हते. म्हणून मी खाशाबांचे आयुष्य पहिल्यापासून पुन्हा वाचायला घेतले. जे हाती लागले ते आज वाचकांपुढे ठेवतो.

गोळेश्वरचे घर

सातारा जिल्ह्यात कराडजवळ गोळेश्वर नावाचे गाव आहे. कृष्णा-कोयनेच्या संगमापासून फार दूर नाही. तेथे १५ जानेवारी १९२६ रोजी दादासाहेब जाधवांच्या घरी खाशाबांचा जन्म झाला. पाच भावांत ते सर्वांत धाकटे. वडील स्वतः पैलवान, त्यामुळे घरात कुस्ती ही वेगळी शिकण्याची बाब नव्हती. जेवणाखाणाइतकीच ती रोजची होती. जत्रेच्या मैदानात वडिलांचे बोट धरून जायचे, थोरल्यांच्या लढती पाहायच्या आणि घरी येऊन तेच डाव भावांवर करून बघायचे, असे ते बालपण.

शिक्षण कराडच्या टिळक हायस्कुलात झाले. १९४२ चे आंदोलन पेटले तेव्हा सातारा जिल्हा धगधगत होता. शाळकरी खाशाबाही त्यात ओढले गेले. भूमिगत कार्यकर्त्यांना आसरा देणे, निरोप पोहोचवणे अशी कामे त्यांनी केली. पुढे ते कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजात दाखल झाले. कोल्हापूर म्हणजे कुस्तीची पंढरी. शाहू महाराजांनी उभारलेले खासबाग मैदान, पेठापेठांतल्या तालमी आणि मल्लांना राजाश्रय देण्याची जुनी रीत. बाबूराव बलावडे आणि बेलापुरे गुरुजी यांच्या हाताखाली खाशाबांची कुस्ती तयार झाली.

अंगकाठी मात्र लहान. उंची बेताची, वजन पन्नास-पंचावन्न किलोंच्या घरात. पैलवान म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे जो धिप्पाड देह येतो, त्याच्या निम्म्यानेही नाही. मातीच्या कुस्तीत वजनाचे गट नसतात. वस्ताद नजरेने जोड लावतो आणि लहान चणीच्या मल्लाला अनेकदा वजनदाराशी भिडावे लागते. त्यामुळे खाशाबांनी ताकदीपेक्षा वेगावर आणि डावांवर भर दिला. ढाक हा त्यांचा हुकमी डाव. प्रतिस्पर्ध्याला कवेत घेऊन क्षणात उलथवण्याचे हे तंत्र त्यांनी इतके घोटले होते की समोरच्याला सावरायला सवड मिळत नसे.

एका वर्षाच्या दोन कथा

१९४८ साली लंडनला ऑलिम्पिक भरले. कोल्हापूरच्या महाराजांनी खर्चाचा भार उचलला आणि बावीस वर्षांचे खाशाबा बोटीने नाही तर स्वप्नानेच पोहोचावे तसे लंडनला पोहोचले.

येथे आमच्या वैजापूरची आठवण निघणे मला भाग आहे. कारण त्याच उन्हाळ्यात आमचा तालुका निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. देशाला स्वातंत्र्य मिळून वर्ष होत आले होते, पण गोदावरीच्या अलीकडे ते पोहोचायचे होते. वडील सांगत, रझाकारांच्या धाकाने कितीतरी कुटुंबे सीमा ओलांडून येवला, कोपरगाव, मनमाडकडे निघून गेली होती. तालमीला कुलूप होते. लंडनला ऑलिम्पिक संपले ऑगस्टच्या मध्यावर, आणि आम्ही मोकळे झालो १७ सप्टेंबरला. खाशाबा ज्या तिरंग्याखाली लढले तो तिरंगा आमच्या कचेरीवर त्यानंतर महिन्याने चढला. म्हणून असेल, पण वडील खाशाबांबद्दल बोलत तेव्हा त्यात एका मल्लाबद्दलच्या कौतुकापेक्षा जास्त काही असे.

लंडनमध्ये खाशाबांची गाठ पहिल्यांदा गादीशी पडली. आयुष्यभर जी माती पायाला धरून ठेवायची तिच्या जागी तेथे घसरणारा, दबणारा पृष्ठभाग होता. रीस गार्डनर या अमेरिकी माजी विजेत्याने त्यांना तेथे मार्गदर्शन केले. इतक्या थोड्या तयारीवर त्यांनी ऑस्ट्रेलियाच्या आणि अमेरिकेच्या मल्लांना हरवले. इराणच्या मल्लाकडून मात्र ते हरले. फ्लायवेट म्हणजे सर्वांत हलक्या गटात त्यांचा क्रमांक सहावा आला. त्यापूर्वी ऑलिम्पिक कुस्तीत कोणा भारतीयाने एवढी मजल फारशी मारली नव्हती. पण खाशाबा समाधानी नव्हते. आपण कमी पडलो ते अंगबळात नव्हे, तेथल्या रीतीभाती ठाऊक नसल्यामुळे, हे त्यांना उमगले होते. परत आल्यावर त्यांनी वरच्या गटाची, म्हणजे बँटमवेटची तयारी सुरू केली आणि पुढची चार वर्षे गादीची कुस्ती समजून घेण्यात घालवली.

मातीचा कायदा, गादीचा कायदा

या रीतीभाती म्हणजे काय, हे थोडे सविस्तर सांगितले पाहिजे. कारण पुष्कळांना वाटते की मातीऐवजी गादी आली एवढाच काय तो फरक.

मातीच्या कुस्तीचा कायदा एका शब्दात मावतो: चितपट. दोन्ही खांदे जमिनीला लागले, पाठीला माती लागली की कुस्ती संपली. जिंकणारा कोण हे शेवटच्या रांगेतल्या आंधळ्यालाही टाळ्यांवरून कळते. वेळेचे बंधन बहुधा नाही. तास तास खडाखडी चालायची, एक मल्ल खाली बसून दम घ्यायचा, दुसरा वरून घिस्से मारायचा, आणि संध्याकाळ झाली तर पंच बरोबरीत सोडवायचे. गुण नाहीत, घड्याळ नाही, कागद नाही.

गादीच्या कुस्तीत हे तिन्ही आले. खाशाबांच्या काळी लढत पंधरा मिनिटांची होती. त्या वेळेत चितपट झाली तर ठीक, नाहीतर तीन पंच मिळून वरचढ कोण ते ठरवत. वजनाचे आठ गट होते. शिवाय दोषगुणांची एक किचकट पद्धत होती. हरलात तर दोषगुण मिळायचेच, पण चितपट न करता नुसत्या निर्णयावर जिंकलात तरीही थोडे दोषगुण पदरात पडायचे. त्यांची बेरीज ठरलेल्या मर्यादेला पोहोचली की मल्ल स्पर्धेबाहेर. म्हणजे केवळ समोरच्याशी लढून भागत नव्हते, एक हिशेबही मनात चालू ठेवावा लागे. त्यातच भर म्हणून, स्वस्थ बसून वाट पाहणाऱ्याला तेथे धूर्त समजत नसत, दोषी समजत.

हा शेवटचा मुद्दा मला फार उशिरा कळला, आणि त्याची किंमत आमच्या घराने मोजली आहे.

माझा थोरला भाऊ तालुक्यात नाव कमावलेला मल्ल होता. सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीस तो एका निवड चाचणीला गेला. गादीवर पाय ठेवण्याची त्याची ती पहिलीच वेळ. मातीतल्या शिकवणीप्रमाणे तो खाली बसला, समोरच्याला दमू द्यायचे आणि मग उठून पटात घुसायचे असा त्याचा बेत होता. पंचाने शिट्टी वाजवून हात दाखवला. भावाला कळले नाही. पुन्हा शिट्टी. तिसऱ्या वेळी पंचाने लढत थांबवून दुसऱ्याचा हात वर केला. भावाच्या पाठीला गादी लागलेली नव्हती, अंगावर एक डाव पडलेला नव्हता, आणि तो हरला होता. रात्रीच्या गाडीने रोटेगाव स्टेशनवर उतरला तो गप्पच. आपल्याला फसवले, एवढेच तो पुढे वर्षानुवर्षे म्हणत राहिला. लंगोट त्याने पुन्हा बांधला नाही.

मी शिक्षक झालो, शाळेत खेळांच्या स्पर्धांचे काम अंगावर पडले, तेव्हा कुस्तीचे नियमपुस्तक प्रथम हातात आले. निष्क्रिय मल्लाला ताकीद, आणि तिसऱ्या ताकिदीनंतर बाद, असे त्यात स्वच्छ लिहिले होते. पंचाने फसवले नव्हते. भावाला कोणी नियमच सांगितला नव्हता. हे मी त्याला सांगावे की नाही यात काही वर्षे गेली, आणि मग सांगायला तो उरला नाही.

सात हजारांचे घर

खाशाबांकडे वळतो. १९५२ चे ऑलिम्पिक फिनलंडच्या राजधानीत, हेलसिंकीला होते. तेथे पोहोचण्याची वाट गादीपेक्षाही निसरडी निघाली. मद्रासच्या राष्ट्रीय स्पर्धेत त्यांना एका गुणाने मागे ठेवण्यात आले. गुण देताना अन्याय झाला अशी त्यांची तक्रार होती. दुसरा कोणी नशिबाला बोल लावून घरी बसला असता. खाशाबांनी थेट पतियाळाच्या महाराजांकडे दाद मागितली. महाराज स्वतः खेळातले जाणकार. त्यांनी पुन्हा लढतीची संधी मिळवून दिली आणि खाशाबांनी प्रतिस्पर्ध्याला आडवे करून निवड पक्की केली. नियम काय आहे आणि दाद कोठे मागायची, हे माहीत असलेला मल्ल काय करू शकतो ते येथे दिसले.

मग प्रश्न आला पैशांचा. सरकारकडून पुरेशी मदत मिळेना. गोळेश्वर-कराडच्या लोकांनी वर्गणी काढली, कोणी थोडे दिले, कोणी जास्त. तरी रक्कम अपुरी पडली, तेव्हा राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर पुढे झाले. त्यांनी आपले राहते घर गहाण टाकून सात हजार रुपये उभे केले. आपल्या विद्यार्थ्याने परदेशात कुस्ती खेळावी म्हणून घर गहाण टाकणारा प्राचार्य! मी आयुष्यभर शिक्षकी केली. हा प्रसंग वाचताना दर वेळी मान खाली जाते.

त्या संघात कोल्हापूरचेच केशव माणगावेही होते. फेदरवेट गटात त्यांचा क्रमांक चौथा आला, पदक एका पायरीने हुकले. त्यांचे नाव आज फारसे कोणी घेत नाही, म्हणून येथे मुद्दाम घेतले.

हेलसिंकी

बँटमवेट म्हणजे ५७ किलोंचा गट. खाशाबांनी कॅनडाच्या एड्रियन पोलिक्विनला, मेक्सिकोच्या लिओनार्डो बासुर्तोला आणि जर्मनीच्या फर्डिनांड श्मिट्झला हरवले. दोषगुणांच्या चाळणीतून एकेक मल्ल गळत गेला आणि शेवटी तिघे उरले: जपानचा शोहाची इशी, सोव्हिएत संघाचा राशिद ममेदबेकोव आणि गोळेश्वरचे खाशाबा.

इशीची कथाही ऐकण्याजोगी आहे. तो मुळातला ज्यूदोचा खेळाडू. महायुद्धात जपान हरल्यावर अमेरिकी अंमलात ज्यूदोवर बंदी आली, तेव्हा तो कुस्तीकडे वळला. म्हणजे एक मातीतून आलेला आणि दुसरा ज्यूदोच्या आखाड्यातून आलेला, असे दोघे परक्या कायद्याखाली एकमेकांसमोर उभे होते. लढत पुरी पंधरा मिनिटे चालली. ढाक बसत नव्हती, इशीही पाठ टेकवू शकत नव्हता. अखेर पंचांनी निर्णय इशीच्या बाजूने दिला.

आणि मग तो प्रसंग घडला, ज्याच्यासाठी हा सारा लेख लिहायला घेतला. पंधरा मिनिटांच्या त्या झटापटीने अंग पिळवटून निघाले असतानाच खाशाबांना ममेदबेकोवशी लढायला बोलावण्यात आले. दोन लढतींमध्ये किमान अर्ध्या तासाची विश्रांती मिळाली पाहिजे असा नियम होता. पण तो नियम अधिकाऱ्यांपुढे मांडायला भारताचा एकही अधिकारी त्या वेळी गादीपाशी हजर नव्हता. खाशाबा एकटे. ते थकलेल्या अंगानेच उतरले आणि हरले.

इशीला सुवर्ण, ममेदबेकोवला रौप्य, खाशाबांना कांस्य. तारीख २३ जुलै १९५२. स्वतंत्र भारताच्या खेळाडूने मिळवलेले ते पहिले वैयक्तिक ऑलिम्पिक पदक.

तो अर्धा तास मिळता तर पदकाचा रंग बदलला असता का? सांगता येत नाही. ममेदबेकोव काही साधा मल्ल नव्हता. पण अर्ध्या तासाचा हक्क होता, तो लिहिलेला होता आणि तरी मिळाला नाही, एवढे खरे. माझ्या भावाला नियम ठाऊक नव्हता म्हणून तो हरला. खाशाबांना नियमाचा आधार असूनही तो मिळवून देणारे माणूस जवळ नव्हते. नियम कागदावर असतो, त्याला तोंड माणसाने द्यावे लागते. वाचता वाचता हे लक्षात आले तेव्हा तालमीतला वाद मला वेगळाच दिसू लागला.

बैलगाड्या आणि नंतरची वर्षे

हॉकीचा संघ सुवर्णपदक घेऊन आला होता, त्या जल्लोषात एका कांस्यपदकाची दखल दिल्लीने किती घ्यावी? ती घेतली कराडने. स्टेशनपासून गोळेश्वरपर्यंत शंभराहून अधिक बैलगाड्यांची मिरवणूक निघाली. ढोल, लेझीम, गुलाल. काही मिनिटांच्या वाटेला सात तास लागले. त्यानंतर खाशाबांनी काय केले असेल? त्यांनी कुस्त्यांची मैदाने भरवली, त्यांत स्वतः लढले आणि मिळालेल्या पैशांतून खर्डेकरांचे गहाण पडलेले घर सोडवले. पदकाइतकाच मोठा मान मी या गोष्टीला देतो.

१९५५ साली ते पोलीस खात्यात उपनिरीक्षक म्हणून दाखल झाले. १९५६ च्या मेलबर्न ऑलिम्पिकची तयारी चालू असताना गुडघा दुखावला आणि ती वाट बंद झाली. पुढे सारी उमेद त्यांनी खात्यातल्या नोकरीत आणि नव्या मुलांना शिकवण्यात घातली. बढती मिळायला फार वर्षे लागली. सहायक पोलीस आयुक्त या पदापर्यंत ते पोहोचले ते निवृत्ती जवळ आल्यावर. १९८२ च्या दिल्ली आशियाई स्पर्धेच्या ज्योतदौडीत त्यांना सहभागी करून घेतले गेले. १४ ऑगस्ट १९८४ रोजी रस्त्यावरच्या अपघातात त्यांचे निधन झाले. वय अवघे अठ्ठावन्न.

मानसन्मान आले ते मागाहून. महाराष्ट्राचा शिवछत्रपती पुरस्कार नव्वदच्या दशकात, अर्जुन पुरस्कार २००० साली, दोन्ही मरणोत्तर. २०१० च्या राष्ट्रकुल स्पर्धेसाठी दिल्लीत बांधलेल्या कुस्तीच्या स्टेडियमला त्यांचे नाव मिळाले. १५ जानेवारी हा त्यांचा जन्मदिवस राज्य क्रीडा दिन म्हणून पाळण्याचे महाराष्ट्र शासनाने २०२३ मध्ये जाहीर केले. गोळेश्वरला त्यांच्या घराचे नाव आहे ऑलिम्पिक निवास. भारताला पुढचे वैयक्तिक पदक १९९६ साली लिअँडर पेसने टेनिसमध्ये मिळवून दिले, आणि कुस्तीतले पुढचे पदक २००८ साली सुशीलकुमारने. मधे छप्पन्न वर्षे गेली.

नियम बदलतच राहतात

ही छप्पन्न वर्षे वाया का गेली? कारणे अनेक आहेत. पण एक मोठे कारण असे की जगातली कुस्ती दर काही वर्षांनी कायदा बदलत राहिली आणि आम्ही खेड्यापाड्यांतले लोक जुन्याच कायद्याने खेळत राहिलो. लढतीची पंधरा मिनिटे कमी होत गेली. दोषगुणांची पद्धत गेली, डावागणिक गुण आले. २००५ पासून काही वर्षे दोन-दोन मिनिटांच्या तीन फेऱ्या होत्या आणि बरोबरी झाली तर चक्क रंगीत चेंडू काढून कोणाला वरचढ पकड द्यायची ते ठरवत. प्रेक्षकांना हे काही समजेना. फेब्रुवारी २०१३ मध्ये ऑलिम्पिक समितीच्या कार्यकारिणीने कुस्तीलाच २०२० पासून वगळण्याची शिफारस केली, तेव्हा जगभरच्या कुस्तीगीरांचे धाबे दणाणले. काही महिन्यांतच आंतरराष्ट्रीय संघटनेने नियम पालटले: तीन-तीन मिनिटांच्या दोन फेऱ्या, सगळ्या गुणांची एकच बेरीज, खाली पाडण्याला एकाऐवजी दोन गुण, आणि आळशी मल्लाला लगोलग दंड. त्या सप्टेंबरात कुस्तीला तिची जागा परत मिळाली. एवढा पुरातन खेळ टिकण्यासाठी वाकला.

आपल्या मातीतल्या इतर खेळांनीही हेच केले आहे. हुतूतूचे गावोगावचे कायदे एकत्र करून महाराष्ट्रातल्या व्यायामप्रेमी मंडळींनी त्याला एक रूप दिले, १९३६ साली अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाने बर्लिनला त्याची प्रात्यक्षिके दाखवली, आणि १९९० साली कबड्डी बीजिंगच्या आशियाई स्पर्धेत पोहोचली. खो-खोचा पहिला विश्वचषक जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीत झाला तो मॅटवर, वेगवान नियमांनी. भारताच्या दोन्ही संघांनी तो जिंकला.

पण नियम निर्दयही असतात. २०२४ च्या पॅरिस ऑलिम्पिकमध्ये विनेश फोगट अंतिम फेरीत पोहोचली आणि दुसऱ्या दिवशी सकाळी शंभर ग्रॅम वजन जास्त भरले म्हणून बाद झाली. दोन्ही दिवशी वजन घेण्याचा नियम काही वर्षांपूर्वीच आला होता. आमच्या घरी त्या दिवशी नातीने जेवण घेतले नाही. त्याच स्पर्धेत अमन सेहरावतने ५७ किलो गटात कांस्यपदक मिळवले. खाशाबांचाच गट, खाशाबांचाच रंग, मधे बहात्तर वर्षे. आणि कोल्हापूर जिल्ह्याच्या स्वप्नील कुसाळेने नेमबाजीत कांस्य मिळवून महाराष्ट्राचीही बहात्तर वर्षांची प्रतीक्षा संपवली.

हौदा आणि गादी

महिन्याभराने तालमीची पुन्हा बैठक झाली. १९६१ साली पहिली महाराष्ट्र केसरी स्पर्धा तेव्हाच्या औरंगाबादेत, आपल्याच जिल्ह्यात झाली होती आणि दिनकर दह्यारी यांनी ती जिंकली होती, याची आठवण मी आधी करून दिली. वडील ती पाहायला गेले होते. त्याच महाराष्ट्र केसरीत आता माती आणि गादी असे दोन विभाग आहेत आणि दोहोंतले विजेते गदेसाठी समोरासमोर येतात. मग आमच्या तालमीत दोन्ही का नांदू नयेत?

जुन्या मंडळींना मी सांगितले की मातीने खाशाबांना पाय दिले, पाठ दिली, ढाक दिली. पण लंडनला सहावा क्रमांक आल्यावर त्यांनी मातीचा अभिमान कुरवाळत न बसता चार वर्षे गादीचा कायदा शिकून घेतला. तरुणांना सांगितले की गादी विकत मिळते, नियमपुस्तकही मिळते. पण ते वाचून पोरांना समजावणारा आणि वेळ आली की पंचासमोर उभा राहणारा माणूस नसेल तर त्या गादीवर आमची पोरे माझ्या भावासारखीच गप्प परततील. भावाची हकिगत मी पहिल्यांदाच चारचौघांत सांगितली. कोणी काही बोलले नाही.

हौदा राहिला. शेजारच्या मोकळ्या जागेत पत्रे टाकून शेड केली, लोकवर्गणीतून वापरलेली गादी आणली. सकाळी माती, संध्याकाळी गादी. गादीवर मुलीही येतात. आज त्या नऊ आहेत. मारुतीची जागा बदलली नाही, फक्त शेडच्या बाजूने एक खिडकी काढली, म्हणजे त्याला दोन्हीकडे दिसेल, असे आमच्या वस्तादांचे म्हणणे.

माझ्याकडे काम आले ते नियमांचे. दर गुरुवारी संध्याकाळी पोरांना बसवून एकेक नियम मराठीतून सांगतो. नवा बदल झाला की फळ्यावर लिहितो. ताकीद कशी देतात, दाद कधी मागता येते, वजन कधी घेतात, पंचाच्या कोणत्या खुणेचा काय अर्थ, हे आता आमच्या दहा वर्षांच्या पोरालाही ठाऊक आहे. स्पर्धेला संघ गेला की मीही जातो. गुडघे कुरकुरतात, एसटीचा प्रवास झेपत नाही, पण जातो. गादीच्या कडेला बसतो, हातात नियमपुस्तक असते आणि मनगटावर घड्याळ. एक लढत संपली की वेळ लिहून ठेवतो, आणि पुढच्या लढतीचा पुकारा लवकर झाला तर उठून उभा राहतो.